आक्का मॅडमचं दही

“आत दही लावलंय म्हणं आक्का मॅडमनी.”

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेला एक माणूस शेजारच्याला सांगत होता. निपाणीकडचा असावा. त्याच्या भावाच्या छातीचं ऑपरेशन आत चाललं होतं.

“दही?” शेजारच्यानं मान वळवली. “त्याला फाडून ठेवलाय, आणि दही कसलं लावत्यात?”

“मला काय म्हाईत? सिस्टर म्हटली, दही लागलं की टाकं घालणार म्हणून.”

“मग साखर आणू काय जाऊन?”

दोघंही हसले. वाट बघणारी माणसं हसतात तसं, थोडंसं. मी रक्ताची नळी हातात घेऊन त्यांच्यासमोरून गेले. थांबून सांगता आलं असतं, पण मी भूलशास्त्राची नवी विद्यार्थिनी होते आणि मराठीत बोलायचं टाळत होते. त्याला कारण होतं. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, “आपल्याला वेदना नेमक्या कुठे होत आहेत?” आजोबा मुलाकडे वळून म्हणाले होते, “बातम्या सांगाय लागल्यात बघ बाई.” घरी आम्ही मराठीच बोलतो, पण टिळकवाडीतली, वकिलाच्या घरातली ती मराठी, आणि शाळा सगळी इंग्रजीत. तेव्हापासून मी पेशंटशी खुणांनी आणि डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होते. बेळगावात तेवढ्यावर भागतं.

आक्का मॅडम म्हणजे डॉक्टर शेवंता, आमच्या भूल विभागातल्या सीनियर. वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. गाव गुंजीच्या पलीकडे, जंगलाला लागून. शनिवारी गावी जायच्या, सोमवारी सकाळच्या गाडीनं परतायच्या आणि येताना आईनं लावलेल्या दह्याचा स्टीलचा डबा घेऊन यायच्या. डबा मांडीवर धरूनच आणायच्या. दही हलवलं की मोडतं, असं त्यांचं म्हणणं. अंगानं बारीक, थिएटरच्या गारव्यात हिरव्या कपड्यांवर कायम एक तपकिरी स्वेटर. कॉन्फरन्समध्ये स्वच्छ इंग्रजी, स्टाफशी कन्नड. पण थिएटरशेजारच्या छोट्या खोलीत, त्या यंत्रासमोरच्या स्टुलावर बसल्या की गावाकडची मराठी.

त्या यंत्रात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर आक्का मॅडम कळणार नाहीत. बोटाच्या पेरात मावेल एवढ्या कपात थोडंसं रक्त घालतात. कप हलके हलके झुलत राहतो आणि रक्तात एक बारीक काडी सोडलेली असते. रक्त पातळ आहे तोवर काडीला काही कळत नाही. पडद्यावर एक सरळ रेघ पुढे सरकत राहते. रक्त गोठू लागलं की ते काडीला धरतं, आणि रेघेच्या दोन होतात. दोन्ही एकमेकींपासून लांब जात जात फुगतात. रक्तस्राव होणाऱ्या माणसाला काय द्यायचं ते त्या आकारावरून ठरवायचं. आमच्या पुस्तकात त्या आकाराला वाइनच्या ग्लासची उपमा दिली होती.

“कुणाच्या घरात हाय गं वाइनचा ग्लास?” मॅडमनी मला विचारलं होतं. “तुझ्या हाय? वकिलांच्यात असंल बाई.”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग दही म्हण. ते समद्यांच्यात हाय.”

एका सोमवारी त्यांनी दह्याच्या डब्याबरोबर चार वाट्या आणल्या. खडेबाजारातून घेतलेल्या, एकसारख्या. आदल्या संध्याकाळी गावी लावून, पिशवीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गाडीतून आणलेल्या. आम्हा विद्यार्थ्यांसमोर त्या टेबलावर मांडून म्हणाल्या, “निदान करा. हात लावायचा न्हाय, नुसती वाटी तिरकी करायची.”

एक वाटी उत्तम होती. दही कडेला धरून उभं. एकीत दूध अजून दूधच होतं. विरजण नावाला घातलेलं. “ही उशिरा लागणार. रक्तात असं झालं तर प्लाझ्मा, म्हंजे रक्तातलं गोठवणारं पाणी. विरजण वाढवायचं.” तिसरीतलं लागलं होतं, पण तिरकं करताच पसरलं. आमच्यातला एक जण घाईनं म्हणाला, “प्लाझ्मा, मॅडम.”

“दूधच पाणी घालून पातळ केलंय मी. त्यात विरजण वाढवून काय हुतंय? आंबट पाणी हुतंय. हितं प्लेटलेट बघ, फायब्रिनोजेन बघ, गुठळी बांधायचा माल हाय का ते. आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं?”

चौथ्या वाटीत दही लागून मग मोडलेलं होतं. वर पाणी सुटलेलं. रक्ताची गुठळी धरून पुन्हा विरघळायला लागली की पडद्यावरच्या रेघा फुगून परत मिटायला लागतात, ते हे. त्याचं औषध वेगळं. ते सांगून झाल्यावर त्यांनी साखरेची पुडी काढली आणि पहिली वाटी माझ्या हातात दिली. “खा गं कॉन्व्हेंट. वजन घाल जरा.”

मला त्या कॉन्व्हेंटच म्हणायच्या. मला राग येत नसे. माझं नाव त्यांना माहीत होतं हे मला माहीत होतं.

रेघ वाचण्यापेक्षा रेघेवर विश्वास कधी ठेवायचा नाही, हे शिकवण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. यंत्राकडे जाण्याआधी त्या पेशंटच्या पायथ्याशी जायच्या आणि चादरीखाली हात घालून पाऊल धरायच्या. यंत्र रक्ताला निरोगी अंगाची ऊब देऊन तपासतं. पेशंट गारठलेला असेल तर त्याच्या अंगात रक्त गोठत नसतं आणि पडद्यावर मात्र सुरेख आकार येतो. “पाय गार तर रेघ खोटी,” असं त्या म्हणायच्या. मग जखमेवरचं फडकं उचलून बघायच्या. फडकं कोरडं असेल तर रेघ कितीही वाईट दिसली तरी त्या काही देत नसत. “आधी पाय, मग फडकं, मग रेघ. उलटं केलं तर तू मशीनची डॉक्टर.”

एकदा महामार्गावर तवंदी घाटात अपघात झालेला एक ट्रकचालक आला. पोटात रक्तस्राव. ऑपरेशन झालं तरी नळीतून लाल येतच होतं. सर्जन सर नावाजलेले, पण घाईचे. त्यांनी निरोप पाठवला की हाताखालचं सगळं नीट आहे, रक्तच गोठत नाहीये, काय ते बघा. मॅडमनी पाऊल धरलं. गरम केलेल्या चादरीखाली ते आता उबदार होतं. रेघ लावली. ती वेळेवर दुभंगली, भरभर फुगली, रुंद झाली. त्या थिएटरात गेल्या आणि सरांच्या मागे उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या,

“सर, दही झकास लागलंय. गाडगं फुटलंय.”

कुणीतरी मास्कमागे हसलं. सरांनी वर बघितलं नाही. पण पोट पुन्हा उघडलं आणि मागच्या बाजूला एक फाटलेली शीर सापडली. त्यानंतर ते वाक्य आमच्या थिएटरात चलनी नाण्यासारखं झालं. कन्नड बोलणाऱ्या सिस्टरसुद्धा म्हणायच्या, “गाडगं?” आणि मॅडम मानेनं हो किंवा नाही म्हणायच्या.

हे सगळं मी आनंदाचं म्हणून सांगते आहे. आनंदाचं तेवढंच आहे.

एका दुपारी निपाणीजवळच्या खेड्यातून एक बाळंतीण आणली. बाळ तिकडच्या दवाखान्यात सुखरूप होतं; हिचं रक्त थांबत नव्हतं. थिएटरात तिला घेतलं आणि मॅडम रक्ताचा नमुना घेऊन यंत्रापाशी बसल्या. मी त्यांच्याशेजारी उभी होते. लाल पेशींच्या पिशव्या चालूच होत्या. प्रश्न गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या पिशव्यांचा होता. त्या रक्तपेढीत वितळवायला वेळ लागतो आणि एकदा वितळवल्या की परत ठेवता येत नाहीत, म्हणून रेघ बघून सांगते, असं मॅडम थिएटरातून निघताना म्हणाल्या होत्या.

फोन वाजला. थिएटरातल्या सिस्टर होत्या, निपाणीच्याच, मॅडमबरोबर बरीच वर्षं काम केलेल्या. आवाज मलाही ऐकू आला. “आक्का, त्या गोठलेल्या पिशव्यांचं काय करू?”

मॅडमची नजर पडद्यावर होती. रेघ एकच होती, सरळ, पुढे सरकत होती. त्या म्हणाल्या, “लागलं न्हाय अजून.”

मला त्या वाक्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. माझ्यासमोर ती रेघ होती: रक्त लागत नव्हतं, म्हणजे पिशव्या हव्याच होत्या.

सिस्टरांसमोर रेघ नव्हती. रक्त लागलं, औषध लागलं, पिशव्या लागल्या, हे त्यांचे दिवसभराचे शब्द. त्यांनी ऐकलं की पिशव्या अजून लागणार नाहीत. तसं त्यांनी रक्तपेढीला कळवलं.

थोड्या वेळानं मॅडम थिएटरात गेल्या आणि त्यांनी विचारलं, “पिशव्या कुठंत?”

“तुमीच म्हटलासा न्हवं आक्का, लागलं न्हाय म्हणून?”

मॅडमनी स्वतः फोन उचलला. पिशव्या आल्या, दिल्या. त्या येईपर्यंत रक्तानं भिजलेली फडकी मोजणंही थांबलं होतं. संध्याकाळच्या आत ती बाई गेली. पिशव्या वेळेवर आल्या असत्या तर वाचली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. मॅडमना हेच कायम त्रास देत राहिलं असावं. चूक मोजता येत असती तर त्यांनी ती मोजली असती.

चौकशी झाली. सिस्टरांकडे बोट वळत होतं. मॅडम तिथं एवढंच बोलल्या, “सिस्टरांनी मराठी बरोबर ऐकलं. मी मराठी बरोबर बोलले. दोघींचं बरोबर हुतं आणि बाई गेली. शब्द माझा हुता. माझ्या नावावर घाला.”

मग मॅडम त्या बाईच्या गावी गेल्या. गाडी चालवायला कुणी हवं म्हणून मला घेतलं. अंगणात बाईची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मॅडमनी जे झालं ते सगळं सांगितलं, शब्दासकट. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इतकं शिकून दह्याचं बोलत हुतासा व्हय बाई तिथं?” त्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “व्हय.” परतताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतर नियम आला. यंत्राबद्दल जे बोलायचं ते इंग्रजीत, आकड्यांत, आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. नियम योग्यच होता. तो मॅडमनीच सुचवला होता. आता खोलीतून फक्त आकडे ऐकू यायचे. सिस्टर ते परत म्हणायच्या. मला हे सोपं झालं. माझी भाषाच ती. पण मॅडम स्टुलावर पाहुण्यासारख्या बसायला लागल्या. सोमवारी दह्याचा डबा यायचा, तो त्या लॉकरमध्ये ठेवायच्या. नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी पुस्तकातला वाइनचा ग्लास शिकवला. एका मुलानं विचारलं, “मॅडम, ते गाडगं काय असतं? सगळे म्हणतात.” त्या म्हणाल्या, “काही नसतं.”

त्यांना आजार होता हे मला खूप उशिरा कळलं. यकृताचा. दारूमुळे नाही, काविळीच्या विषाणूमुळेही नाही. अंगच आपल्या यकृतावर उलटतं तो प्रकार. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा लपवण्यासारखं राहिलं नाही. यकृत बदलणं हा एकच मार्ग होता. धाकट्या भावानं आपल्यातला तुकडा द्यायची तयारी दाखवली. तपासण्यांत तो बसला नाही. बंगळूरच्या यादीत नाव लागलं, आणि वाट बघणं सुरू झालं.

पोटात पाणी साठायचं, ते सुईनं काढावं लागायचं. पहिल्या वेळी त्यांचा रक्त गोठण्याचा नेहमीचा रिपोर्ट इतका वाईट आला की डॉक्टर सुई टोचायला तयार होईनात. आधी प्लाझ्मा देऊ म्हणाले. मॅडमनी मला बोलावलं. “माझं रक्त घे. मशीनवर लाव.” लावलं. त्या शेजारच्या स्टुलावर बसून होत्या, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून. रेघ दुभंगली. वेळेवर, व्यवस्थित. यकृत बिघडलं की गोठवणारे आणि न गोठू देणारे दोन्ही घटक एकदमच घटतात आणि तराजू कसाबसा समतोल राहतो. नेहमीचा रिपोर्ट फक्त एक पारडं दाखवतो. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

त्यांनी मागे वळून दार बंद आहे का ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “लागतंय बघ माझं दही अजून. कागद घाबरलाय. मी न्हाय.”

कितीतरी दिवसांनी तो शब्द आला होता. प्लाझ्मा न देता पाणी काढलं. थेंबभरही रक्त आलं नाही.

मग ते आमच्यातलंच झालं. दर खेपेला मी रक्त घ्यायचं, दार लावायचं. आई गावाहून फोन करायची. मॅडमनी तिला आजार असाच समजावला होता, दुसरं कसं समजावणार? फोनवरचा म्हातारा आवाज मला ऐकू यायचा. “लागलं का गं शेवंता?”

“लागलं, आई.”

“घट्ट?”

“पहिल्यावाणी न्हाय. पर लागतंय.”

आणि दर खेपेला मला दिसायचं की आकार आधीपेक्षा अरुंद आहे. त्यांनाही दिसायचं. एकदा मी उगाच म्हणाले, “मॅडम, इट्स ऑलमोस्ट द सेम.” “कॉन्व्हेंट,” त्या म्हणाल्या, “तुला खोटं इंग्रजीत बोलता येतं. मराठीत येत न्हाय. म्हणून इंग्रजीत बोलतीयास.” मग, “मला खोटं बोललीस तरी चालंल. आईला खोटं बोलू नको.”

यादी पुढे सरकली नाही. पोटातल्या पाण्यात जंतू झाले आणि त्यांना आयसीयूत हलवलं. तिसऱ्या प्रहरी मला बोलावणं आलं. नळ्या टोचलेल्या जागांमधून रक्त झिरपत होतं. यंत्र लावून घ्या, तिथले डॉक्टर म्हणाले.

मॅडमचे डोळे मिटलेले होते. कुणीतरी स्वेटर काढून घडी घालून उशाशी ठेवला होता. मी पायथ्याशी गेले, चादरीखाली हात घातला आणि पाऊल धरलं. गार होतं. मानेजवळचं फडकं उचललं. ते ओलं होतं, आणि त्यावर कुठंही गुठळी नव्हती. नुसतं पातळ लाल पाणी. मग मी रक्त घेऊन खोलीत गेले.

पाय गार तर रेघ खोटी. तेव्हा रेघ खोटी यावी, सुंदर यावी, असं मला वाटत होतं. कप झुलत होता. यंत्र रक्ताला ऊब देत होतं, जी त्यांच्या अंगात राहिली नव्हती. मी स्टुलावर बसले नाही. रेघ एकच होती. ती पडद्याच्या कडेपर्यंत गेली आणि एकच राहिली.

बाहेर बाकावर मॅडमची आई बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला, हलू नये म्हणून. शेजारी धाकटा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. माझ्याआधी दोन डॉक्टर तिच्याशी बोलून गेले होते. ट्रीटमेंट सुरू आहे, म्हणाले होते. ऑर्गन्स थोडे वीक आहेत, प्रयत्न चालू आहेत. तिनं मान हलवली होती. आता मी बाहेर आले तर ती भावाला म्हणत होती, “ही बघ ती पोरगी. शेवंताचं बघती ती.”

तिनं माझ्याकडे वर बघितलं.

“लागलं का गं?”

भावानं माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. सांगू नका अशी. माझ्याकडे इंग्रजी शब्द होते, सगळे तयार. बातम्यांसारखी मराठीही होती. मी खाली बसले, तिच्या गुडघ्यापाशी, तिला मान वर करावी लागू नये म्हणून. डब्यावरचे तिचे हात हातात घेतले. ते उबदार होते.

“न्हाय, आई,” मी म्हणाले. “लागलं न्हाय.”